साप आजारी पडला तर: काटा, वही आणि योग्य डॉक्टर

साप आजारी आहे हे तो सांगत नाही. तो कण्हत नाही, खोकत नाही, दाराशी येऊन केविलवाणं बघत बसत नाही. धडधाकट साप दिवसाचा बहुतेक वेळ आडोशाखाली वेटोळं घालून पडलेला असतो आणि आजारी सापही तेच करतो. रानात जो अशक्त दिसतो तो आधी कुणाच्या तरी तोंडी जातो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या अंगात भिनलेलं आहे. 'आज जरा मलूल दिसतोय' असं आपल्याला वाटतं, तेव्हा आजार बहुधा कित्येक दिवसांचा जुना झालेला असतो.

माझा पहिला कॉर्न स्नेक आजारी पडला तेव्हा त्याला उचलून मी थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सापाकडे बघण्याआधी मला दोन प्रश्न विचारले. महिन्याभरापूर्वी याचं वजन किती होतं? आणि पेटीच्या गरम बाजूला तापमान किती असतं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. "हात लावला की कोमट लागतं," असं काहीतरी पुटपुटलो. सापाच्या वतीने बोलायचं काम आपलंच असतं आणि ते आकड्यांत बोलावं लागतं, हे तिथे कळलं.

पुढचं सगळं कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बॉल पायथन, बोआ अशा बिनविषारी, पैदाशीतून आलेल्या आणि कायद्याने बाळगता येणाऱ्या सापांबद्दल आहे. रानात जखमी साप दिसला तर तो घरी आणून उपचार करू नका. तिथे वनखातं किंवा प्रशिक्षित सर्पमित्र हवा.

आधी ठरवा: आत्ता निघायचं की दोन दिवस बघायचं

काही गोष्टी दिसल्या की बाकी काही वाचत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. साप तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय. शेपटीखालच्या द्वारातून लालसर मांसल भाग बाहेर आलाय आणि आत जात नाही. भाजलंय, किंवा जिवंत उंदराने चावून खोल जखम केलीय. मान वाकडी करून तोंड आभाळाकडे धरून राहतोय, किंवा उताणा केला तर परत पालथा होता येत नाही. मादी अंडी घालता घालता मध्येच थांबलीय आणि मलूल झालीय. अंग बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. सलाइनच्या पाण्याने ओलं ठेवा, खालची माती किंवा भुसा काढून ओला कागदी टॉवेल अंथरा आणि निघा. ते वाळलं की त्यातला रक्तपुरवठा जातो आणि मग तो भाग कापावा लागतो.

याउलट, नुसतं 'खात नाही' म्हणजे दरवेळी आणीबाणी नव्हे. बॉल पायथन या बाबतीत बदनाम आहे. प्रौढ बॉल पायथन थंडीच्या किंवा मिलनाच्या काळात काही महिने सहज उपाशी राहतो, नर तर विशेष. वजन टिकून आहे, जीभ नीट बाहेर येते, अंग घट्ट आहे, तर साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. पण हेच पिल्लाने केलं, किंवा एरवी अन्नावर झडप घालणाऱ्या कॉर्न स्नेकने केलं, तर कान टवकारायला हवेत.

आणखी एक घोळ नवख्यांचा नेहमी होतो. 'स्पायडर' नावाच्या रंगप्रकाराचा बॉल पायथन विकत घेतला की त्याचं डोकं हलतं, नेम चुकतो, कधी तो स्वतःभोवती गिरकी घेतो. हा संसर्ग नसतो. त्या रंगाच्या जनुकाबरोबर येणारा जन्मजात दोष असतो आणि त्यावर औषध नाही. असा साप घेऊच नये हे माझं मत.

थर्मामीटर आधी, औषध नंतर

साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. पचन, रोगप्रतिकार, औषधाचं शोषण, सगळं बाहेरच्या उबेवर चालतं. पेटी थंड असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात आणि इंजेक्शनही हवं तसं काम करत नाही. म्हणून संशय आला की पहिलं काम तापमान मोजणं.

काचेवर चिकटवायची थर्मामीटरची गोल तबकडी फेकून द्या. ती हवेचं तापमान दाखवते, तेही अंदाजे. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान टिपणारं टोक) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवा. बॉल पायथनला गरम जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंशांच्या आसपास लागते. कॉर्न स्नेकला गरम बाजूला २८ ते ३० आणि थंड बाजूला २२ ते २४ पुरेसं होतं. दोन्ही टोकं हवीतच, कारण साप इकडून तिकडे सरकत स्वतःचं तापमान जुळवतो. एक बाजू तापवून दुसरी गार ठेवता येत नसेल तर पेटी लहान पडतेय.

आजारी साप दिवसभर गरम बाजूला चिकटून बसला तर त्याला उठवू नका. आपल्याला ताप येतो तसा सरपटणाऱ्यांना आपोआप येत नाही. मात्र संसर्ग झालेले डेझर्ट इग्वाना (वाळवंटातले सरडे) मुद्दाम जास्त उबेत जाऊन बसतात, हे १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. उपचार चालू असेपर्यंत सहसा तापमान त्या जातीच्या नेहमीच्या मर्यादेतल्या वरच्या टोकाला ठेवायला आणि रात्रीही न उतरवायला सांगतात. 'वरच्या टोकाला' म्हणजे मर्यादेच्या बाहेर नव्हे. ३६ अंशांवर ठेवल्याने साप लवकर बरा होत नाही, त्याच्या अंगातलं पाणी आटतं.

माझ्या कॉर्न स्नेकचं दुखणं कुठून आलं ते घरी परतल्यावर सापडलं. थर्मोस्टॅटचा (तापमान ठरवलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राचा) प्रोब जागेवरून घसरून थेट हीट मॅटला (तापणाऱ्या चटईला) चिकटला होता. मॅट जरा तापली की थर्मोस्टॅट तिला बंद करायचा, आणि वरची जागा २३ अंशांपलीकडे जातच नव्हती. प्रोब उलट्या दिशेने, गार कोपऱ्यात घसरला असता तर मॅट तापतच राहिली असती आणि पोट भाजलं असतं. पोटाखालून चटका बसत असतानाही साप कित्येकदा हलत नाहीत. थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट किंवा वीजेवर तापणारा दगड पेटीत असेल तर तो आजच काढा.

आर्द्रताही बघा. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के, कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के साधारण चालते. फार कोरडं झालं की कात अडकते. दमट आणि कोंदट झालं की पोटाचे खवले कुजतात. दमट पण हवेशीर आणि दमट पण कोंदट यांत मोठा फरक आहे.

काटा आणि वही

ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या (सापाचा वेगळा ठेवा, जेवणाचा वापरू नका). झाकणाचा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, साप डब्यात सोडा, आकडा लिहा. एरवी महिन्यातून एकदा, आजारपणात आठवड्यातून एकदा पुरे. रोज उचलून तोलणं हा त्याच्यावर वेगळाच ताण. वजन नेहमी खाण्याआधी करा, नाहीतर पोटातला उंदीर धरून हिशोब चुकतो.

साधारण दहा टक्के वजन उतरलं की वाट बघणं थांबवायचं. १,५०० ग्रॅमचा बॉल पायथन १,३५० वर आला तर दवाखाना. पाठीचा कणा वर उठून दिसायला लागला, अंग गोल न राहता त्रिकोणी भासायला लागलं, तर आकड्याचीही वाट बघू नका.

वहीत चारच गोष्टी हव्यात: काय आणि किती खाल्लं, शी कधी केली आणि कशी होती, कात कधी टाकली आणि एका तुकड्यात निघाली का, वजन किती. सापाची शी तपकिरी आणि तिच्यासोबतचे युरेट (सापाची घट्ट लघवी) पांढुरके किंवा फिकट पिवळे असतात. ते गडद पिवळे किंवा हिरवे दिसू लागले तर तारखेसह लिहून ठेवा. पाणी कमी पडतंय, किंवा यकृत-मूत्रपिंडाकडे बघायला हवं, असा त्याचा अर्थ असू शकतो.

लक्षणं वाचायची कशी

श्वासापासून सुरुवात करा, कारण पाळीव सापांत श्वसनाचा संसर्ग फार आढळतो आणि तो चटकन चिघळतो. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे त्याला जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. फुप्फुस लांबलचक पिशवीसारखं असतं आणि कफ त्यात साचून राहतो. शांत खोलीत साप कानाजवळ धरा. शिट्टीसारखा, चटचट किंवा बुडबुड्यांचा आवाज येतो का? नाकपुडीशी फेस, तोंडाच्या कडेला चिकट लाळ, डोकं वर धरून भिंतीला टेकून बसणं, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं. कात टाकायच्या आधी नाकात जुनी त्वचा अडकून थोडी शिट्टी वाजू शकते, ती कात पडल्यावर थांबते. कात पडूनही थांबली नाही तर संसर्ग धरा. अजगर जातीच्या सापांत श्वसनाचा आजार औषधाने हटेना तर सर्पेंटोव्हायरस असू शकतो. बॉल पायथनमध्ये त्याची ओळख २०१४ मध्ये पटली. तो आहे की नाही हे घशातून घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआर चाचणीत कळतं, बघून सांगता येत नाही.

तोंड उघडून बघायचा मोह आवरा. ओठांच्या कडेला लाल ठिपके, सूज, पनीरसारखा पांढरा-पिवळा साका दिसला तर तो तोंडाचा संसर्ग. सापाचा पू पातळ नसतो, घट्ट गोळ्यासारखा जमतो. म्हणूनच त्याच्या अंगावरची गाठ नुसत्या अँटिबायोटिकने विरघळत नाही, ती डॉक्टरांना कापून काढावी लागते. चिमट्याने घरी तो साका ओरबाडू नका, खाली हाड असतं.

कातडीचं बोलायचं तर कात अडकणं ही सर्वांत साधी तक्रार. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी राहून गेली तर ती दोऱ्यासारखी आवळते आणि टोक काळं पडून गळतं. ओल्या शेवाळाने भरलेला झाकणाचा डबा, त्याला सापाच्या जाडीहून थोडं मोठं भोक, आणि साप त्यात तासभर, एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. डोळ्यांवरची टोपी राहिली तर मात्र हात लावू नका. सापाला पापण्या नसतात, त्या जागी एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर बदलतो. चिकटपट्टीने ती टोपी ओढताना खालचा खवलाच निघून डोळा गेल्याची उदाहरणं आहेत. पुढच्या कातीपर्यंत आर्द्रता वाढवून थांबा, तेव्हाही नाही निघाली तर डॉक्टर.

पोटाचे खवले तांबूस, फोड आलेले, ओलसर दिसले तर आधी अंथरूण बदला: सगळं काढून कोरडा, पांढरा कागदी टॉवेल. पांढरा अशासाठी की त्यावर रक्ताचा डाग दिसतो आणि माइटही (रक्त पिणारे बारीक परजीवी) दिसतात. हे माइट मिरीच्या भरडीएवढे काळे ठिपके असतात. पाण्याच्या वाटीत बुडून मेलेले सापडतात, नाहीतर डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली खवल्यांत बसलेले. साप एकाएकी तासन्‌तास पाण्यात बसायला लागला की माइट शोधा. एकदा औषध मारून निवांत बसता येत नाही, कारण अंड्यांवर औषध चालत नाही आणि दोनेक आठवड्यांत नवी पिढी येते. सापाबरोबर पेटीचा सांधा न्‌ सांधा साफ करावा लागतो. कुत्र्या-मांजरांचं गोचीड मारायचं औषध सापावर आपल्या मनाने मारू नका. त्यातल्या काही घटकांनी साप मेलेले आहेत.

गिळलेला उंदीर परत बाहेर टाकला तर दुसऱ्या दिवशी नवा देऊ नका. पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्या एका ओकारीत निघून गेलेले असतात. ताजं पाणी ठेवा, तापमान तपासा आणि १० ते १४ दिवस उपाशी ठेवा. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. खाल्ल्यानंतर ४८ तासांत साप हाताळला, पेटी थंड होती किंवा उंदीर फार मोठा होता, ही एकदा झालेल्या ओकारीची नेहमीची कारणं. दुसऱ्यांदा झालं तर ही कारणं शोधत बसू नका. अंगाच्या मध्यभागी कडक फुगवटा असेल आणि ओकारी होत राहिली, तर क्रिप्टोस्पोरिडियमची शंका घ्यावी लागते. या परजीवीवर खात्रीचा उपाय नाही, त्याच्या सूक्ष्म, टणक कवचाच्या बीजपुटी ब्लीचलाही दाद देत नाहीत आणि एका पेटीतून दुसऱ्या पेटीत तो चिमट्यावरून जातो. बोआ ओकतो आणि शिवाय त्याचं डोकं डोलतं, तोल जातो, असं दिसलं तर इन्क्लुजन बॉडी डिसीजची तपासणी करून घ्या. त्यामागे अरेनाव्हायरस गटातला विषाणू असल्याचं २०१२ मध्ये पुढे आलं.

डॉक्टर मिळेपर्यंत घरात काय करायचं

साप वेगळा काढा. गुळगुळीत प्लास्टिकचा हवेशीर टब, खाली कागदी टॉवेल, एक आडोसा, न कलंडणारी पाण्याची वाटी, तापमान वर सांगितल्याप्रमाणे. दुसरे साप असतील तर आधी त्यांचं सगळं उरका, आजाऱ्याकडे शेवटी जा. चिमटे, वाटी, हातरुमाल काहीही सामाईक नको.

डोळे आत गेलेले, त्वचेला सुरकुत्या, तोंड चिकट असं असेल तर अंगात पाणी कमी आहे. २८ अंशांच्या कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं बसवा. पाणी सापाच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. अशक्त साप चार बोटं पाण्यातही बुडतो. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या सापाला मात्र पाण्यात ठेवू नका.

जबरदस्तीने भरवू नका. आजारी सापाच्या पोटात पचन न होता पडलेला उंदीर कुजतो. तेल चोळू नका, बाम लावू नका, माणसाची गोळी वाटून पाजू नका. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नाही. अर्धवट डोसने आजार दबतो आणि नंतर जंतू ओळखण्यासाठी घेतलेल्या नमुन्यात काही उगवत नाही. पेटी फिनाईलने पुसू नका, फिनॉलचे वास आणि अंश सापांना विषारी ठरतात.

डॉक्टर शोधायचा तो साप निरोगी असताना

नवीन साप घरी आणला की पहिल्या महिन्यात डॉक्टर शोधून ठेवा आणि एकदा साधी तपासणी करून घ्या. आजारपणात शोध सुरू करणं म्हणजे वरातीमागून घोडं. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर सापाच्या बाबतीत नवखे असू शकतात. त्यांचा दोष नाही, शिक्षणात सरपटणाऱ्यांच्या वाट्याला फार थोडे तास येतात. माझ्या सापाला पहिल्यांदा तपासणाऱ्या एकांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मला यातलं कळत नाही." तो नकार मला आजही मोलाचा वाटतो. त्याहून वाईट म्हणजे कळत नसताना कुत्र्याच्या वजनाच्या हिशोबाने डोस काढणारे.

'असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स' ही संस्था आपल्या सदस्य डॉक्टरांची यादी संकेतस्थळावर देते, देशानुसार शोधता येते. जवळ कुणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. तिथून नाव मिळतं. दूरचा तज्ज्ञ आणि जवळचा होतकरू डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलायला तयार असले तर तेही चांगलं चालतं.

फोनवर हे विचारा. महिन्याला साधारण किती साप बघता? सापाला भूल देण्याची सोय आहे का, आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायचं भुलीचं औषध) आहे का? एक्स-रे काढता का, आणि रक्त कुठून घेता? रक्ताच्या प्रश्नाला 'शेपटीखालच्या शिरेतून किंवा हृदयातून' असं सहज उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे. समोरून 'आणा, बघू' एवढंच आलं तर दुसरा फोन लावा. प्रश्न विचारल्याचा राग येणारा डॉक्टरही मी टाळतो.

सापाला न्यायचं कसं

उशीचा अभ्रा उलटा करा, म्हणजे शिवणीचे धागे बाहेर येतील आणि त्यात खवले अडकणार नाहीत. साप आत सोडा, तोंडाला गाठ मारा. गाठीच्या आत साप नाही ना, हे चाचपून बघा. ती पिशवी झाकणाच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पेटीला हवेसाठी भोकं, आत कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आणि शक्य तर थर्मामीटरचा प्रोब. २५ ते ३० अंश चालतील. बाटली पिशवीला टेकवू नका. प्रवासात पाण्याची वाटी नको, सांडून अंग गार होतं. निघायच्या आधीचे काही दिवस खायला घालू नका. गाडीत उन्हात पेटी ठेवून चहाला जाऊ नका, दहा मिनिटांतही तापमान जीव घेण्याइतकं चढतं.

बरोबर घ्यायचं ते: वही, पेटीचे फोटो (हीटर, थर्मोस्टॅट, आडोसे दिसतील असे), लक्षणाचा व्हिडिओ, आणि ताजी शी घट्ट झाकणाच्या डबीत. शी फ्रिजमध्ये ठेवली तर दिवसभर चालते, गोठवू नका. ओकलेला उंदीर असेल तर तोही. किळस येईल, पण डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. व्हिडिओचं महत्त्व मला उशिरा कळलं. घरी शिट्टी वाजवणारा साप टेबलावर गेला की हटकून गप्प बसतो.

टेबलावर काय होतं

चांगला डॉक्टर आधी बोलतो, मग दुरून बघतो, मग हात लावतो. वजन, तोंडाची आतली बाजू, बोटांनी पूर्ण लांबी चाचपणं, डॉपलरने (ठोके ऐकवणाऱ्या यंत्राने) हृदयाचे ठोके. सापाचं हृदय डोक्यापासून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर असतं. श्वसनाच्या आजारात श्वासनलिकेत थोडं निर्जंतुक सलाइन घालून परत ओढतात आणि त्यातले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते बघतात. अहवालाला काही दिवस लागतात, तोवर अंदाजाने औषध सुरू होतं. हा खर्च टाळावासा वाटतो. टाळू नका. चुकीचं अँटिबायोटिक तीन आठवडे टोचणं सापाला आणि खिशाला जास्त महाग पडतं.

निघण्यापूर्वी विचारून घ्या: औषध कशासाठी, किती दिवस, सुधारणा कशी ओळखायची, आणि काय दिसलं तर तपासणीच्या तारखेआधी यायचं.

घरी इंजेक्शन द्यायचं असेल तर

बहुतेकांचे हात इथे थरथरतात. सापाच्या औषधाचं वेळापत्रक माणसासारखं नसतं. सेफ्टाझिडीम हे नेहमी वापरलं जाणारं अँटिबायोटिक ७२ तासांनी एकदा देतात, कारण थंड अंगातून ते हळूहळू बाहेर पडतं. 'लवकर बरं व्हावं' म्हणून रोज दिलं तर मूत्रपिंडावर भार. एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन झोंबतं, तिथली त्वचा काळी पडू शकते, म्हणून जागा बदलत राहायची.

पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर तुमच्या हातून द्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना जो स्नायूचा पट्टा आहे त्यात, शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात, दोन खवल्यांच्या मधून सुई तिरकी घालायची. पुढच्या भागात अशासाठी, की मागच्या अंगातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं आणि त्याबरोबर औषधही. आज डावी बाजू, पुढच्या वेळी उजवी. वहीत लिहा, नाहीतर विसराल. एकाने साप हलका धरायचा, दुसऱ्याने टोचायचं. एकट्याने करायला गेलात तर सुई तुमच्या बोटात जाईल. शिट्टी थांबली तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

जखमेवर पोव्हिडोन आयोडीन सांगितलं असेल तर ते पाण्यात इतकं पातळ करा की रंग कोऱ्या चहासारखा फिका दिसेल.

आणि आपली काळजी: निरोगी दिसणाऱ्या सापाच्या शीतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात, टब न्हाणीघरात धुवा, स्वयंपाकघरात नाही. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना सापापासून लांब ठेवा.

पुन्हा खायला लागला, किंवा नाही लागला

बरा होत आलेल्या सापाला लगेच नेहमीचा उंदीर नको. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार कोसळून तो दगावू शकतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर नेहमीच्या चौथाई ते निम्म्या आकाराचं, मेलेलं आणि कोमट केलेलं भक्ष्य द्या, आणि नंतर दोन दिवस पेटीला हातही लावू नका. ते पचून शी झाली की पुढचं. संसर्गजन्य आजार असेल तर हा साप इतरांपासून किमान ९० दिवस लांब राहील. नव्याने विकत आणलेल्या सापालाही हाच नियम लावा. दुसरा साप आणायचा असेल तर दुसरी खोली आहे का, ते आधी बघा.

कधी कधी सगळं नीट करूनही साप वाचत नाही, किंवा वाचवण्यात त्याचे फक्त हाल असतात. तेव्हा डीप फ्रीझरमध्ये ठेवून 'झोपेत' जातो, हे ऐकीव खरं मानू नका. गोठताना त्याला वेदना होतात असंच धरून चालायचं असतं. डॉक्टर आधी पूर्ण भूल देतात आणि मग दुसरं औषध. सापाचं हृदय मेंदू थांबल्यावरही बराच वेळ धडधडत राहू शकतं, त्यामुळे मृत्यू झाल्याची खात्री डॉक्टरांनाच करू द्या.

घरात आणखी साप असतील तर शवविच्छेदन करून घ्या. त्यासाठी मृत साप ओल्या टॉवेलात गुंडाळून, दुहेरी पिशवीत, साध्या फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवा. गोठवलं तर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही ओळखू येत नाही. पिशवीवर जात, वय, शेवटचं वजन आणि दिलेली औषधं लिहून चिकटवा. अहवाल येईपर्यंत ती रिकामी पेटी, तिचे चिमटे आणि वाटी दुसऱ्या सापासाठी वापरू नका.